विद्यापीठाचे नामवंत: नाव कुणाचं घ्यावं आणि कशाच्या आधारावर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या तुमच्या महाविद्यालयाचा अमृतमहोत्सव आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या ग्रंथात 'विद्यापीठाचे नामवंत पदवीधर आणि अध्यापक' असं एक प्रकरण घालायचं ठरलंय आणि ते काम तुमच्याकडे आलंय. इकडून तिकडून दीडशेच्या वर नावं जमली आहेत. त्यातली कोणती ठेवायची, कोणती गाळायची आणि खात्री कशी करायची, हे तुम्हाला हवं आहे.

मी तीस वर्षं महाविद्यालयीन ग्रंथपाल होते आणि त्या काळात तीन गौरवग्रंथांच्या संपादन मंडळांवर काम केलं. त्यातल्या पहिल्या वेळी माझ्या हातून चूक झाली, तीही पुढे सांगते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक करा. नावांच्या यादीला एक नवा रकाना जोडा आणि त्यावर लिहा, 'नातं काय?' व्यक्ती किती मोठी हे बघण्याआधी तिचं विद्यापीठाशी नातं नेमकं काय होतं हे लिहायचं. पदवी घेतली, शिकली पण पदवी घेतली नाही, नुसती मॅट्रिक झाली, शिकवलं, कुलगुरू झाली की मानद पदवी मिळाली? ही सहा नाती वेगवेगळी आहेत. गोळा केलेल्या याद्यांत ती सगळी 'माजी विद्यार्थी' या एकाच शब्दाखाली कोंबलेली असतात आणि तिथेच घोळ सुरू होतो.

दादाभाई नौरोजींचंच घ्या. मुंबई विद्यापीठाच्या नामवंतांच्या जवळजवळ प्रत्येक यादीत ते पहिल्या पाचांत असतात. दादाभाई एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले आणि तिथेच गणित व नैसर्गिक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्या पदावर बसणारे ते पहिले भारतीय. पण १८५५ मध्ये ते विलायतेला गेले आणि विद्यापीठाचा कायदा झाला १८ जुलै १८५७ रोजी. म्हणजे या विद्यापीठाची पदवी परीक्षा देऊन मिळवणं त्यांना शक्यच नव्हतं. डॉ. भाऊ दाजी लाड यांचंही तसंच. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे ते विद्यार्थी, पण तेव्हा विद्यापीठ जन्माला यायचं होतं. मग दादाभाईंना वगळायचं का? अजिबात नाही. १९१६ मध्ये, नव्वदीत पोचलेल्या दादाभाईंना मुंबई विद्यापीठाने एलएल.डी. ही मानद पदवी दिली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांच्या नोंदीत हे जसंच्या तसं लिहा: विद्यापीठपूर्व काळातले एल्फिन्स्टनचे विद्यार्थी व प्राध्यापक, विद्यापीठाची मानद एलएल.डी. १९१६. 'माजी विद्यार्थी' एवढ्याच शब्दांत ही गोष्ट मावली असती का?

गांधीजी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक झाले, १८८७ मध्ये, अहमदाबादच्या केंद्रावरून. मग भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेले, तेही मुंबई विद्यापीठाशीच संलग्न होतं. एक सत्र काढलं आणि सोडलं. तेव्हा ते मॅट्रिक्युलेट, पदवीधर नव्हेत. होमी भाभा एल्फिन्स्टन कॉलेजात आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काही काळ शिकले आणि १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. त्यांच्या पदव्या तिकडच्या. न्यायमूर्ती छागलांचं उलट आहे. पदवी ऑक्सफर्डची, पण मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात ते शिकवत होते, म्हणून त्यांची जागा अध्यापकांत. आणि पांडुरंग वामन काणे तिन्हीकडे बसतात: एम.ए., एलएल.एम. या विद्यापीठाच्या, अध्यापन लॉ कॉलेजात, १९४७ ते १९४९ कुलगुरू आणि १९६३ मध्ये भारतरत्न.

दुसरी अडचण भूगोलाची, आणि ती तुम्हाला वाटते त्याहून मोठी आहे. १८५७ चं विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होतं. स्वतः शिकवायचं नाही, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, शिकवायचं ते संलग्न कॉलेजांनी. ती कॉलेजं मुंबईपुरती नव्हती. पुण्याची, कोल्हापूरची, नाशिकची, धारवाडची, गुजरातेतली, अगदी कराचीचीसुद्धा याच विद्यापीठाशी जोडलेली होती. म्हणून डेक्कन कॉलेजात शिकलेले टिळक आणि आगरकर मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १८८३ मध्ये बाहेर पडलेले विश्वेश्वरय्या मुंबई विद्यापीठाचे एल.सी.ई. (त्यांची बी.ए. मद्रासची, आणि ही स्थापत्याची पदविका होती, बी.ई. नव्हे. उत्साहाच्या भरात बहुतेक ठिकाणी बी.ई. छापलं जातं.) कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ मध्ये बी.ए. झालेले यशवंतराव चव्हाण मुंबई विद्यापीठाचेच, कारण शिवाजी विद्यापीठ निघालं १९६२ मध्ये. पुणे विद्यापीठ १९४९ चं. त्याआधीचा फर्ग्युसनचा प्रत्येक पदवीधर कागदोपत्री मुंबईचा आहे.

पुढे या वटवृक्षाच्या पारंब्या स्वतंत्र झाल्या. १९९८ मध्ये नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आलं आणि वैद्यकीय महाविद्यालयं तिकडे गेली. त्यामुळे के.ई.एम. किंवा ग्रँटचे १९८५ चे एम.बी.बी.एस. मुंबईचे, २०१० चे नाशिकचे. माटुंग्याचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, ज्याला सगळे अजून यूडीसीटीच म्हणतात, तो १९३३ पासून मुंबई विद्यापीठाचाच विभाग होता आणि २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाला. २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ निघालं आणि एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स त्यात गेली. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालयही २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. आता एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले बाबासाहेब नेमके कोणाचे, असा वाद घालणारे लोक मी संपादकीय बैठकांत पाहिले आहेत. उत्तर एकच ठेवा: पदवीपत्रावर ज्या विद्यापीठाचं नाव, नोंद त्या विद्यापीठाची. कॉलेजाला आपला माजी विद्यार्थी सांगण्याचा हक्क आहेच, तो कायम राहतो, तिथे भांडण नाही.

हा नियम लावला की यादी आपोआप स्वच्छ होते, आणि गंमत म्हणजे ती आकसत नाही, वाढते. कारण आत्तापर्यंत 'पुण्याचे' म्हणून बाजूला ठेवलेले कितीतरी लोक तुमच्याकडे येतात.

आता माझी चूक. पहिल्या ग्रंथाच्या वेळी एका स्वातंत्र्यसैनिकाचं नाव मी 'आमच्या महाविद्यालयाचे बी.ए.' म्हणून घातलं. तसं एका स्मरणिकेत छापलेलं होतं, स्मरणिकेने दुसऱ्या स्मरणिकेवरून घेतलं होतं. प्रकाशनाच्या दिवशी त्यांची मुलगी भेटायला आली. वयाने माझ्याहून मोठी. तिने पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली एक फीची पावती काढली, १९४२ च्या जूनची, आणि म्हणाली, "बाबांनी एवढंच एक सत्र भरलं. ऑगस्टनंतर ते कॉलेजात गेलेच नाहीत. ते आयुष्यभर अभिमानाने सांगायचे, की मी पदवी सोडली." माझ्या छापील ओळीने त्यांच्या त्यागाचीच ओळ पुसली होती. नंतर हजारभर प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली, पण मला ते शल्य राहिलंच. तेव्हापासून छापील स्मरणिका हा पुरावा मानायचा नाही, तो फक्त माग आहे, हे मी पक्कं धरलं.

मग पुरावा कोणता? एकोणिसाव्या शतकासाठी आणि विसाव्याच्या पूर्वार्धासाठी विद्यापीठाची जुनी वार्षिक 'कॅलेंडरं' बघा. नावावरून वाटतं तशी ती दिनदर्शिका नव्हेत. त्या वर्षीचे नियम, अभ्यासक्रम, संलग्न कॉलेजं आणि पदवीधरांच्या याद्या असलेले ते जाड खंड आहेत. कागद तपकिरी झालेला असतो, कोपरे हाताला लागताच तुटतात, म्हणून पान उलटताना खालून तळहात द्यायचा. १८६२ ची पहिली बी.ए. परीक्षा बघितलीत तर चार नावं सापडतील: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पहिल्या दोघांना सगळा महाराष्ट्र ओळखतो. मोडक आणि वागळे यांची नावं आज कुणाच्या ओठांवर नाहीत, पण पहिल्या चारांची ओळ चारांचीच छापा.

आणि त्या ओळीपुढे काय झालं तेही सांगा, कारण विद्यापीठाची खरी कहाणी तिथे आहे. भांडारकर पुढे एल्फिन्स्टन आणि डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवू लागले आणि १८९३ मध्ये याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या आधी १८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्या पदावरचे पहिले भारतीय ठरले होते, तेही इथलेच पदवीधर. रानडे मातृभाषांना विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात जागा मिळावी म्हणून अखेरपर्यंत झटत राहिले. तीस वर्षांत परीक्षार्थी कुलगुरूच्या खुर्चीपर्यंत पोचला, एवढं एक वाक्य पानभर मजकुरापेक्षा जास्त बोलतं.

जुन्या खंडांत नाव शोधताना रोमन लिपीची सवय करून घ्या. 'महादेव'चा तिथे 'महादेओ' झालेला असतो, एकाच माणसाचं आडनाव मॅट्रिकला एका प्रकारे आणि एलएल.बी.ला दुसऱ्या प्रकारे लिहिलेलं असतं. म्हणून नुसत्या आडनावाने शोधू नका, वडिलांचं नाव आणि कॉलेज जुळतं का ते बघा.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे फारच जपून करायला हवं. कमला सोहोनी हे नाव घेऊन १९३३ च्या बी.एस्सी.च्या यादीत गेलात तर रिकाम्या हाताने परत याल. त्या तेव्हा कमला भागवत होत्या. दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात पहिल्या आल्या, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं दार बाई म्हणून आधी बंद झालं तेव्हा अडून बसून ते उघडून घेतलं, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अध्यापक आणि अखेर संचालक झाल्या. पदवीधर म्हणूनही त्या तुमच्या, अध्यापक म्हणूनही तुमच्या. इरावती कर्व्यांचं माहेरचं आडनाव करमरकर. मी ज्या याद्या तपासल्या त्यांत स्त्रिया कमी असायच्या, आणि त्याचं एक कारण अगदी साधं होतं: शोधणाऱ्याने सासरच्या नावाने शोधलं आणि 'आढळ नाही' असं लिहून मोकळा झाला. प्रत्येक स्त्रीच्या नोंदीत पदवीच्या वेळचं नाव आणि नंतरचं नाव अशी दोन्ही द्या.

या विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी. डेक्कन कॉलेजची विद्यार्थिनी. अंतिम परीक्षेत अव्वल आली, त्या गुणांवर विलायतेला शिकायला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, पण ती मुलगी असल्याने नाकारली गेली. नंतर ती ऑक्सफर्डला गेली आणि तिथे कायदा शिकणारी पहिली स्त्री ठरली. हा नकारही नोंदीत लिहा. गौरवग्रंथात फक्त गोडच लिहायचं असा समज असतो, मला तो पटत नाही.

वर्षांचा घोळ हा तिसरा. परीक्षा एका वर्षी, दीक्षान्त समारंभ पुढच्या वर्षी, त्यामुळे दोन विश्वसनीय ग्रंथांत दोन वर्षं सापडतात. बाबासाहेबांची बी.ए. कुठे १९१२ तर कुठे १९१३ लिहिलेली दिसेल, टिळकांची १८७६ आणि १८७७. तुम्ही संपूर्ण प्रकरणासाठी एकच पद्धत ठरवा, परीक्षेचं वर्ष की पदवीदानाचं, आणि ती सुरुवातीला एका ओळीत सांगून टाका. वाचकांची निम्मी पत्रं त्याने टळतात.

बाबासाहेबांच्या बाबतीत याद्या बहुधा बी.ए.वर थांबतात. ते १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि १९३५ मध्ये गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. ते तुमच्या प्रकरणाच्या दोन्ही भागांत यायला हवेत.

इथून मी अध्यापकांकडे वळते, आणि खरं सांगायचं तर माझा जीव या भागात आहे. पदवीधरांची यादी कोणीही करतं, कारण मोठी माणसं कुठे शिकली हे त्यांच्या चरित्रातच असतं. अध्यापकांची यादी करायला कष्ट पडतात. पण विद्यापीठाने स्वतः काय घडवलं हे तिथेच दिसतं. भारतरत्नांची मोजणी केली तर कर्वे, विश्वेश्वरय्या, काणे, आंबेडकर, मोरारजी देसाई अशी नावं भराभर येतात आणि पान सजतं. पण त्यांना शिकवलं कोणी, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

समाजशास्त्र विभाग बघा. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने तो सुरू केला. १९२४ मध्ये गोविंद सदाशिव घुर्ये त्याचे प्रमुख झाले. ते एल्फिन्स्टनचे एम.ए., केंब्रिजचे पीएच.डी. आणि १९५९ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षं, त्यांनी तो विभाग चालवला. त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे १९२८ मध्ये एम.ए. झाल्या आणि पुढे डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवू लागल्या. एम. एन. श्रीनिवास १९४४ मध्ये इथून पीएच.डी. होऊन ऑक्सफर्डला गेले आणि नंतर बडोद्याचा आणि दिल्लीचा समाजशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. मार्क्सवादी मांडणी करणारे अ. र. देसाई हेही घुर्यांचेच विद्यार्थी, आणि नंतर ते याच विभागाचे प्रमुख झाले. गुरू जातिसंस्थेचा उगम प्राचीन ग्रंथांत शोधणारा, एक शिष्य खेड्यात जाऊन राहणारा, दुसरा वर्गसंघर्षाच्या चष्म्यातून बघणारा. तिघांचे मार्ग वेगळे, पण घर एकच. तुमच्या प्रकरणात घुर्यांना दोन ओळी आणि एखाद्या मंत्र्याला अर्धं पान असं होऊ देऊ नका.

अर्थशास्त्र विभागाचंही तेच. सी. एन. वकील आणि त्यांच्यानंतरचे पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये, दुसरी पंचवार्षिक योजना अवजड उद्योगांकडे निघाली असताना, उलट बाजू मांडली: आधी धान्य, कापड अशा मजुराच्या रोजच्या गरजेच्या वस्तूंचं उत्पादन वाढवा, म्हणजे रोजगार वाढेल. दिल्लीने ते ऐकलं नाही, पण देशाच्या अर्थशास्त्रात तो वाद आजही शिकवला जातो. याच विभागातले मो. ल. दांतवाला १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले, आणि डी. टी. लकडावाला १९७७ नंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष.

आणि यूडीसीटी. इथली साखळी मला तोंडपाठ आहे, कारण मी ती एका भिंतीवरच्या तक्त्यासाठी मांडली होती. रंगरसायनांचे तज्ज्ञ कृष्णस्वामी वेंकटरामन १९३८ मध्ये पहिले भारतीय संचालक झाले आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पहिले भारतीय संचालक म्हणून गेले. त्यांच्या काळात घडलेल्या या विभागातून १९५८ मध्ये मनमोहन शर्मा बाहेर पडले, केंब्रिजला पीएच.डी. करून १९६४ मध्ये परत आले ते थेट प्राध्यापक म्हणून, वय सत्तावीस. १९९० मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. शर्मांच्या मार्गदर्शनाखाली १९६९ मध्ये रघुनाथ माशेलकर पीएच.डी. झाले, आणि १९८९ मध्ये त्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संचालकपदी बसले जिथे वेंकटरामन बसले होते. नंतर १९९५ पासून वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. ही सगळी माणसं २००८ च्या आधीची, म्हणून मुंबई विद्यापीठाची. कोणी 'ती आता आमच्याकडे नाहीत' म्हणालं तर पदवीपत्राचा नियम पुढे करा.

अशा साखळ्या शोधा. त्या तुटक नावांना अर्थ देतात. माझी सगळ्यांत आवडती साखळी फर्ग्युसनची. टिळक तिथे गणित शिकवत. १८९० मध्ये त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली आणि गणिताची जागा रिकामी झाली. तेव्हा गोखल्यांनी आपल्या ओळखीच्या एका माणसाला मुंबईहून बोलावून घेतलं. दोघेही १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून बी.ए. झालेले. तो माणूस म्हणजे धोंडो केशव कर्वे. १८९१ पासून १९१४ पर्यंत ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत राहिले आणि त्याच काळात हिंगण्याचा आश्रम उभा राहिला, पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. तेही आज राज्यातलं एक सार्वजनिक विद्यापीठ आहे. एका विद्यापीठाच्या गणिताच्या पदवीतून दुसरं विद्यापीठ निघालं.

अध्यापक कोणाला म्हणायचं, इथे मात्र कडक राहा. एखादी संस्था विद्यापीठाच्या आवारात आहे म्हणून तिचे शास्त्रज्ञ विद्यापीठाचे होत नाहीत. पुण्यात ही चूक वारंवार होते. जयंत नारळीकर पुणे विद्यापीठाचे प्राध्यापक म्हणून छापले जातात, पण त्यांची आयुका ही खगोलशास्त्राची, विद्यापीठ अनुदान आयोगाची स्वायत्त संस्था आहे, फक्त जागा विद्यापीठाच्या आवारात. त्यांच्या पदव्या बनारस आणि केंब्रिजच्या. शेजारचं रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं. तिथल्या लोकांचा आदर करा, पण त्यांना विद्यापीठाच्या रकान्यात ओढू नका.

उलट, एकाच माणसावर अनेक विद्यापीठांचा हक्क असू शकतो, तेव्हा तो मोकळेपणाने वाटून घ्या. भालचंद्र नेमाडे फर्ग्युसनमधून पुणे विद्यापीठाचे बी.ए., इंग्रजीचे एम.ए. मुंबईचे, पीएच.डी. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची, आणि निवृत्त झाले ते मुंबई विद्यापीठाच्या तौलनिक साहित्याच्या गुरुदेव टागोर अध्यासनावरून. तिघांनीही त्यांचं नाव घ्यावं, प्रत्येकाने आपलं नातं नेमकं लिहून. कवींमध्ये निसीम इझिकेल इथले एम.ए. आणि नंतर इथेच अमेरिकन साहित्याचे प्राध्यापक. विंदा करंदीकर मुंबईच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकवत. ते विद्यापीठाच्या विभागात नव्हते, संलग्न महाविद्यालयांत होते, म्हणून नोंदीत महाविद्यालयाचं नाव आधी.

हयात व्यक्तींच्या बाबतीत त्यांना पत्र लिहा, पदवीपत्राची छायाप्रत मागा आणि छापण्यापूर्वी त्यांची नोंद त्यांना वाचायला पाठवा. खात्री होत नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून रीतसर पडताळणी करून घ्या. नोंदणीकृत पदवीधरांची मतदारयादी हाताशी असली तरी तिच्यावर विसंबू नका. अधिसभेच्या निवडणुकीसाठी ज्यांनी अर्ज भरला तेवढेच तिच्यात असतात, नाव नसलं म्हणजे पदवी नाही असा अर्थ होत नाही. आणि सध्या सत्तेवर असलेल्यांची नावं शेवटी घ्या, पद गेल्यावरही ती नोंद वाचनीय राहील का हे स्वतःला विचारून.

तुमच्या स्वतःच्या महाविद्यालयाच्या अध्यापकांसाठी सेवापुस्तकांवर थांबू नका. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे लोक सेवापुस्तकात नसतातच. ते मानधनाच्या व्हाउचरांत सापडतात, वेळापत्रकाच्या जुन्या फायलींत, वार्षिकांकाच्या गटछायाचित्रांत मागच्या रांगेत. दुसऱ्या ग्रंथाच्या वेळी मी अशी अकरा माणसं शोधली. त्यातल्या एका बाईंनी चौदा वर्षं मराठी शिकवलं होतं, दर जूनमध्ये नवं नेमणूकपत्र घेऊन. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी तिघे आज वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठीचे विभागप्रमुख आहेत. आम्ही त्यांची नोंद घुर्यांच्या खाली, त्याच टाइपात, त्याच मापाची छापली.

तुमची दीडशे नावं मला पाठवा, रकाना भरून. ज्यांच्यापुढे 'नातं' लिहिता आलं नाही ती वेगळ्या कागदावर ठेवा, ती आपण एकेक करून बघू. आणि तोवर एक करा: तुमच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं जनरल रजिस्टर कोणत्या कपाटात आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, ते कार्यालयातल्या सगळ्यांत जुन्या कर्मचाऱ्याला, त्यांच्या निवृत्तीच्या आधी, विचारून घ्या.